नंबरप्लेटवरचा हार

सुनेत्रा शिर्के यांच्याकडे गाडी शिकायला येणाऱ्या बाईला पहिल्या दिवशी स्टिअरिंगला हात लावू दिला जात नाही. पहिल्या दिवशी निळी फाइल दाखवली जाते. त्यात गाडीचं आर.सी. बुक, पी.यू.सी., विमा आणि शिकवण्याचा परवाना, सगळं क्रमाने लावलेलं असतं.

"गाडी बिघडली तर मेकॅनिक येतो," त्या सांगतात. "कागद बिघडला तर कोणी येत नाही."

वडील रिफायनरीत फोरमन होते, पण घरात गाडी नव्हती. सुनेत्राबाई गाडी शिकल्या त्या अडतिसाव्या वर्षी. शिकवणारा महिनाभर "बेन, तमाराथी नहीं थाय", तुमच्यानं व्हायचं नाही, असं म्हणत राहिला. महिना संपल्यावर त्यांनी त्याला शेजारी बसवून बडोद्याहून वाघोडियापर्यंत नेऊन आणलं, आणि दोन वर्षांत फक्त बायकांसाठी स्वतःचा क्लास काढला. नवरा हेरंब जवळच्या सावली गावातल्या कारखान्यात शिफ्टला. तो म्हणाला, "कोण येणार तुझ्याकडे?" बारा वर्षांत चारेकशे बायका आल्या. शेवटची परीक्षा सगळ्यांना एकच असते: संध्याकाळच्या गर्दीत जुन्या बाजारातल्या लहरीपुऱ्याच्या दरवाज्यातून गाडी काढायची. कोणाला शिव्या न देता.

या वर्षी सप्टेंबरात त्या मुलीच्या बाळंतपणाला सुरतेला होत्या आणि गाडीचा विमा संपला. परत आल्यावर फाइल उघडली तेव्हा कळलं. त्यांनी त्याच दिवशी किल्ली देवघरातल्या कप्प्यात ठेवली. आठ दिवस क्लास बंद. बायकांनी फोन केले, हेरंब म्हणाला, "गल्लीतल्या गल्लीत शिकव की," तरी किल्ली बाहेर आली नाही.

विमा उतरवणारे पिलाजीराव म्हणजे घरचेच. बडोद्यातल्या अर्ध्या मराठी घरांच्या गाड्या त्यांच्या वहीत आहेत. खंड पडलेला विमा पुन्हा सुरू करायचा तर कंपनीला गाडीचे फोटो लागतात, ते काढायला पिलाजीराव दसऱ्याच्या सकाळी आले. मुहूर्त साधावा म्हणून. तेव्हा गाडीची पूजा नुकतीच झाली होती. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि समोर इकडून तिकडे झेंडूचा जाड हार, नेमका नंबरप्लेटवर. पिलाजीरावांनी चारही बाजूंनी फोटो काढले, चॅसिस नंबरचा काढला, फाफडा-जिलेबी खाल्ली, आपट्याचं पान दिलं आणि गेले. संध्याकाळी पॉलिसीचा कागद मोबाइलवर आला. सुनेत्राबाईंनी छापून आणला, फाइलीत लावला आणि मगच किल्ली काढली.

दसऱ्यानंतर नवव्या दिवशी आकांक्षाची परीक्षा होती. बँकेत काम करणारी, सव्वीस वर्षांची, बोलायला चुरचुरीत. लहरीपुऱ्यात दिवाळीची गर्दी. दरवाज्याच्या अलीकडे जरा चढ आहे, तिथे तिचा क्लच सुटला आणि गाडी मागे घसरली. सुनेत्राबाईंनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला, पण हातभर उशीर झाला. मागे दुर्गा नावाच्या फेरीवालीची हातगाडी होती, रुमाल आणि पिनांची. हातगाडीचं चाक दुर्गाच्या पावलावर चढलं.

दुर्गा खाली बसली आणि ओरडायच्या आधी रुमाल गोळा करायला लागली. मूळची खानदेशची. सुनेत्राबाई धावल्या तेव्हा म्हणाली, "बाई, गाडी शिकवता की माणसं चिरडायला शिकवता?"

"आज दोन्ही झालं," सुनेत्राबाई म्हणाल्या आणि तिला उचलून गाडीत बसवलं.

पावलाचं हाड चिरलं होतं. दवाखान्यात प्लास्टर झालं, आणि पोलीस तिथेच आला. त्याने मोबाइलमध्ये नंबर टाकला आणि म्हणाला, "बेन, वीमो तो छे ज नहीं."

सुनेत्राबाईंनी फाइल उघडली. त्याने कागद पाहिला, परत स्क्रीन पाहिली. "कागद तो कोई पण छापे. सरकारी नोंदीत सप्टेंबरात संपलेला दिसतोय."

आकांक्षा रडायला लागली. "ताई, माझं नाव लिहा. मीच चालवत होते."

"तू शिकत होतीस. शिकवत मी होते," सुनेत्राबाई म्हणाल्या. "कायदा मला विचारणार, तुला नाही. डोळे पूस आणि रिक्षाने घरी जा."

दुसऱ्या दिवशी पिलाजीराव आले. सगळं ऐकून त्यांनी चहा निवू दिला. मग हळूच म्हणाले, "वहिनी, कबूल करून टाका. विमा नव्हता म्हणा. दंड भरला की संपलं. त्या बाईला थोडंफार हातात देऊ."

"पण विमा होता."

"होता. पण तिकडे चढला नव्हता ना."

"का नव्हता?"

पिलाजीरावांनी बशीकडे पाहिलं. कंपनीने त्यांना तीनदा कळवलं होतं. नंबरप्लेट हाराखाली झाकलेली आहे, स्वच्छ फोटो पाठवा, मगच सरकारी नोंद होईल. "तुमच्याकडे दसऱ्याचा हार पाडव्यापर्यंत काढत नाहीत, मला माहीत आहे. पूजेचा हार उतरवा म्हणून मी कुठल्या तोंडानं सांगणार? म्हटलं, पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न. पाडव्याला नवा हार घालाल तेव्हा काढू फोटो."

 हेरंब मध्येच बोलला. "जाऊ दे ना. घरचा माणूस आहे. दंड भर."

"अहो, डिसेंबरात क्लासच्या परवान्याची मुदत संपते. विम्याशिवाय गाडी शिकवली असं माझ्याच सहीनं लिहून दिलं, तर आर.टी.ओ. मला परवाना कशाला देईल? आणि दुर्गाला कंपनी एक पैसा देणार नाही."

"परवाना गेला तर गेला. बावन्न वर्षांची झालीस."

"तुमची शिफ्ट बंद करू का मी अठ्ठावन्नाव्या वर्षी?"

हेरंब पेपर घेऊन गॅलरीत गेला. सुनेत्राबाई उठल्या, अंगणात गेल्या. वाळून काळपट झालेला हार त्यांनी दोन्ही हातांनी सोडवला. गॅलरीतून आवाज आला, "पाडव्याशिवाय काढत नाहीत आपल्याकडे."

"आपल्याकडे खोटं पण लिहून देत नाहीत," त्या म्हणाल्या. हार तुळशीच्या कुंडीत ठेवला आणि नंबरप्लेट ओल्या फडक्याने पुसली. मग पिलाजीरावांपुढे कागद आणि पेन ठेवलं. "कुठल्या दिवशी फोटो काढलेत, कंपनीनं तीनदा काय कळवलं आणि तुम्ही काय केलंत ते लिहा."

"वहिनी, माझी एजन्सी जाईल."

"जाऊ नये असं मलाही वाटतं. पण तुमच्या एजन्सीसाठी माझा क्लास जाणार नाही."

पिलाजीरावांनी लिहिलं. अक्षर सुंदर होतं.

विमा कंपनीच्या कार्यालयात काचेच्या पलीकडचा तरुण साहेब म्हणाला, "मॅडम, मेल करा. सात ते दहा दिवस लागतील."

"मेल तीनदा झालेत, तुमच्याच बाजूनं. गाडी खाली उभी आहे. जिना उतरायला दोन मिनिटं लागतील. आणि विमा दसऱ्यापासून चालू आहे असं पत्र द्या."

"असं पत्र आम्ही देत नाही."

"हप्ता दसऱ्याला घेतलात?"

"घेतला."

"पॉलिसी दिलीत? त्यावर तारीख कुठली आहे?"

"दसऱ्याची."

"मग तेवढंच लिहून द्या. जे तुम्ही आत्ता बोललात ते."

तो म्हणाला, वरच्या साहेबांना विचारावं लागेल. त्या म्हणाल्या, विचारा. आणि खुर्ची काचेसमोर ओढून बसल्या. जेवणाची सुट्टी झाली, दिवे मालवले, पुन्हा लागले. त्यांनी डबा तिथेच खाल्ला आणि त्या साहेबाला मेथीचा ठेपला देऊ केला. त्याने नको म्हटलं. चार वाजता तो जिना उतरून खाली आला, नंबरप्लेटचा फोटो काढला, चॅसिस नंबर ताडून पाहिला. साडेपाचला शिक्क्याचं पत्र मिळालं: दसऱ्यापासून विमा चालू आहे, नोंद पाठवायची राहिली ती कंपनीकडून, जखमीचा दावा कंपनी स्वीकारेल.

चौकीत त्याच पोलिसाने नंबर टाकला. या वेळी स्क्रीन त्यांच्या बाजूने होती. "बेन, आधी सांगायचं ना," तो म्हणाला.

"आधीच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, कागद कोणीही छापतं."

विमा नसल्याचं कलम त्याने खोडलं. अपघाताचं राहिलं. त्यावर सुनेत्राबाईंनी सही केली, कारण ते खरं होतं.

पाडव्याला नवा हार आला. तो त्यांनी आतल्या आरशाला बांधला.  पिलाजीराव या वर्षी फराळाला आले नाहीत. त्यांच्याकडे चिवडा-लाडूचा डबा गेला, आणि वहीतल्या सगळ्या गाड्यांच्या नोंदी पुन्हा एकदा तपासा अशी चिठ्ठीही.

डिसेंबरात परवाना पाच वर्षांसाठी आला. त्याच संध्याकाळी सुनेत्राबाईंनी आकांक्षाला बोलावलं.

"ताई, लहरीपुरा नको. दुसरीकडे कुठेही."

"परीक्षा एकच आहे."

दरवाज्याच्या अलीकडे दुर्गा होती, स्टुलावर बसलेली, पायाला अजून पट्टा. गाडी ओळखून तिने हातगाडी हातभर मागे ओढली.

"आली का शिकून?" तिने खिडकीतून विचारलं. "पाय घरी ठेवून आले असते, पण हा अंगालाच लागलेला आहे."

आकांक्षाने पहिला गिअर टाकला. सुनेत्राबाईंनी आपला पाय ब्रेकवरून काढून घेतला आणि मांडीवरची फाइल बंद केली.

"अर्धा क्लच," त्या म्हणाल्या. "आणि समोर बघ."