निवडून आणलेली अळंबी

डोंबिवलीच्या शाळेत मी सृष्टिशास्त्र शिकवायचे, तेव्हा अळंबीची माझी एक वही होती. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. एका पानावर एक जात. वर मी काढलेलं चित्र, खाली रकाने: छत्री, दांडा, दांड्यावरचं कडं, जमिनीखालचं मूळ, बीजाणूंचा रंग, सूक्ष्मदर्शकातला आकार. चौदा पानं भरली होती.

दुसरी शिस्त घरातली. रानातलं काहीही आणायचं ते निवडून, धुऊन. माती उंबऱ्याबाहेर. नातेवाइकांना हे पाठ होतं.

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी माझ्या वन्सं कल्याणहून आल्या. त्यांच्या घरामागच्या माळावर अळंबी उगवली होती. ओल्या फडक्यात वीसेक, पांढरीशुभ्र. बुडखे कापलेले, दांडे सोललेले, डोकी घासून धुतलेली.

"बघ गं, तुझ्या वहीत बसतात का. नाहीतर मी आपली चांदीची अंगठी टाकून उकळते. ती काळी पडली की अळंबी फेकायची."

"अंगठीला काही कळत नाही, वन्सं."

"बरं बाई, मास्तरीणबाईंना तरी कळतं ना? लेकीने सकाळपासून डोकं खाल्लंय, अळंबी कर म्हणून. सांग, घालू का तिला खायला?"

मी वारुळाच्या अळंबीचं पान काढलं. तीच आम्ही दरवर्षी खायचो. छत्रीचा आकार जुळला. खालचे पापुद्रे पांढरे, तेही जुळले. दांड्यावर कडं नव्हतं. वारुळाच्या अळंबीला जमिनीत खोल गेलेलं लांब मूळ असतं. पण इथे बुडखेच कापलेले, बघणार काय? तो रकाना मी सोडून दिला.

"घाला," मी म्हणाले.

पूर्ण उमललेली एक मी नोंदीसाठी ठेवून घेतली; बाकीची घेऊन वन्सं कल्याणला परतल्या. पापुद्रे खाली करून ती कागदावर ठेवली, वर वाटी झाकली. काही तासांत बीजाणू गळून कागदावर ठसा उमटतो. वारुळाच्या अळंबीचा फिकट गुलाबी.

बाराच्या सुमारास वाटी उचलली. ठसा हिरवा होता, डबक्यावरच्या शेवाळासारखा. माझ्या चौदा पानांत तो रंग कुठेच नव्हता. शाळेचं एक जाडजूड विलायती पुस्तक माझ्याकडे असे. त्यात होता, विषारी जातींत. शेजारी रंगीत चित्र: तशीच पांढरी छत्री, पण डोक्यावर तपकिरी खवले आणि दांड्यावर जाड कडं. खवले वन्संनी घासून काढले होते. कडं सोलून टाकलं होतं. माझ्या घरात घाण नको म्हणून.

त्याच पावली स्टेशन गाठायला हवं होतं. मी शाळेची किल्ली घेतली. खात्री केल्याशिवाय कुणाला काही सांगायचं नाही, ही माझी रीत. रिकाम्या शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पापुद्र्याचा कण ठेवला. बीजाणूंची भिंत जाड, एक टोक कापल्यासारखं सपाट. पुस्तकातल्या आकृतीत अगदी तसंच. खात्री झाली, आणि गाडी गेली.

पुढच्या गाडीने कल्याणला पोचले तेव्हा अडीच वाजले होते. दारातच भाची सागरगोटे खेळत होती. नऊ वर्षांची.

"मामी, उशीर केलास! तुझ्या वाटणीची पण मीच खाल्ली."

"कधी जेवलीस?"

"मघाशीच. दोनदा वाढून घेतली."

वन्सं हात पुसत बाहेर आल्या. "अगं, तू कशी? ये, जेवायला बस. धुणं आवरून मी आत्ता पान घेणार होते."

"तुम्ही खाऊ नका," मी म्हणाले. "डॉक्टरांना बोलवा."

त्यांना काही उमगेना. तेवढ्यात सागरगोट्यांचा आवाज थांबला. भाचीने एक गोटा वर उडवला होता, तो झेलायला तिचा हात उठलाच नाही. गोटा फरशीवर घरंगळत गेला.

"आई, पोटात कसंतरी होतंय."

वन्संनी तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"तूच बघितलं होतंस ना?"

संध्याकाळपर्यंत पोर पांढरीफटक पडली. नाडी लागेना तेव्हा डॉक्टरांनी इस्पितळात हलवायला सांगितलं. पाचव्या दिवशी ती घरी आली, भिंतीला धरून चालत.

वन्सं पुढेही सणावारी येत राहिल्या. रानभाज्याही आणायच्या, निवडून, धुऊन. पण मला दाखवायच्या नाहीत. आधी अंगठी टाकून उकळायच्या, माझ्यासमोर.