न निघणारा निळा रंग

गल्लीत तिला सगळे शिवणवालीच म्हणत. कारखान्यातल्या कामगारांचे गडद निळे कपडे ती घरी शिवायची. जाडंभरडं कापड, त्यात रंग कच्चा. दिवसभर मांडीवर घेतलं की तळवे, गुडघे, नडग्या निळ्या व्हायच्या. दिवस राहिले तेव्हा नवरा चिडवायचा, "आपलं बाळ निळंच येणार बघ."

"येऊ दे. गर्दीत हरवणार तरी नाही."

म्हणूनच सातव्या महिन्यात नडगीवर निळे डाग दिसले तेव्हा तिच्या मनात काहीच आलं नाही. साबण लावून घासले. निघेनात, तेव्हा कापडवाल्याच्या नावाने खडे फोडले. "या खेपेचा रंग भलताच पक्का आहे, मेला!"

सासूबाई खिडकीशी काजं करत बसल्या होत्या. त्यांची सुई थांबली. "पक्का असता तर अंगाला कशाला लागला असता? बघू पाय." त्यांनी डागावर अंगठा फिरवला आणि आवाज एकदम उतरला. "सूनबाई, हा वरून लागलेला नाही. आतून आलाय."

तपासणीत रक्तातल्या प्लेटलेट फार कमी निघाल्या. "रक्त थांबवायचं काम त्यांचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमचं शरीरच त्यांना परकं समजून मारतंय. गोळ्यांनी वाढतील बहुतेक. पण बाळंतपणात रक्त जास्त जाऊ शकतं."

"आणि बाळ?"

"बरीचशी बाळं ठणठणीत असतात. पण जे तुमच्या प्लेटलेट मारतंय, ते वारेतून बाळाकडेही जाऊ शकतं. जन्मल्यावर नाळेतलं रक्त तपासू."

त्या दिवसापासून तिने सुईचा धसका घेतला. दात घासताना फेस लाल झाला की ती पुन्हा पुन्हा चूळ भरून बघायची. बाळाने लाथ मारली की पूर्वी हसू यायचं. आता वाटायचं, माझ्यातून काय पोचतंय त्याच्यापर्यंत? सासूबाईंनी टाचण्यांची डबी फडताळावर नेऊन ठेवली. "मशीनला हात लावलास तर बघ. कामगार काही उघडे नाही फिरत."

गोळ्यांनी आकडा चढला. मुलगी झाली. रक्त गेलं, पण थांबलं. मुलगी टाहो फोडून रडली, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

तो तिथे फार वेळ राहिला नाही. दुपटं बदलताना मुलीच्या कमरेखाली तिला निळा डाग दिसला. तिने बोट ओलं करून चोळला. निघेना.

"सिस्टर! अहो सिस्टर!"

परिचारिका धावत आली. तिने डाग नीट निरखला आणि हसली. "जन्मखूण आहे ही. पुष्कळ बाळांना असते. वाढेल तशी फिकी होईल."

"नक्की? माझे डागही मला नुसता रंगच वाटले होते हो."

परिचारिकेचं हसू मावळलं. तिने डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनीही जन्मखूणच सांगितली. नाळेच्या रक्ताचा आकडाही चांगला होता. "पण पहिल्या काही दिवसांत तो उतरू शकतो. म्हणून पुन्हा तपासायचं, तोवर घरी नाही सोडणार."

त्या गेल्यावर तिने सासूबाईंना विचारलं, "पिशवीत खुणेचा खडू आहे का हो?"

"खडू? आत्ता? कशाला?"

"कडेनं रेघ ओढून ठेवते. वाढला तर कळेल."

"अगं, लेकरू आहे ते, कापड नाही!"

तिने नुसता हात पुढे केला. तो कापत होता.

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. मग पिशवीच्या तळातून पांढरा खडू काढला. तिच्या हातात मात्र दिला नाही.

"तू धर तिला," त्या म्हणाल्या. "रेघ मी ओढते. तुझी वाकडी येईल."