कागद लिहिल्याशिवाय न उठणारी

"नंतर म्हंजी कवा? टाइम सांगा," हे आमच्या दवाखान्यातल्या आयाचं पालुपद. डॉक्टर असो की सभापती, कोणी 'नंतर या' म्हटलं की कमरेवर हात ठेवून ती एवढंच विचारायची. तुमच्याही दवाखान्यात अशी एखादी आया असेल. नसेल तर तुमचं नशीब.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भोकरदन तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी केसपेपर लिहायचो. खिडकीतून मी ओरडून विचारायचं, "काय होतंय?" रोग्यानं ओरडून सांगायचं. मागची लाइन मन लावून ऐकायची. जुलाब असो की गुप्तरोग, कशाचाच पडदा नाही.

एका बाजाराच्या दिवशी जवळच्या खेड्यातली एक आई चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मी ओरडलो. मुलगी खाली बघत राहिली. आई म्हणाली, "पोट दुखतं." मी तेच लिहून मोकळा झालो.

आयानं मुलीचा चेहरा पाहिला होता. दोघींना आतल्या खोलीत नेऊन तिनं दार लावलं. बाहेर आली ती थेट माझ्याकडे, आवाज दाबून. "गावातल्या एका माणसानं जबरदस्ती केली पोरीवर. चार दिस झाले. आन् तुम्ही लाइनीसमोर इचारता? कोण सांगंल?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टर म्हणाले, आधी पोलिसांचा कागद आणा. आया दोघींना घेऊन ठाण्याकडे निघाली. खिडकी बंद करून मीही मागोमाग गेलो. जमादारानं सगळं ऐकलं आणि आईला म्हणाला, "पोरीचं लगीन पाहा आता. गावात बसून मिटवा. न्हाईतर नंतर या."

"नंतर म्हंजी कवा?"

तो हसला. आयानं तिथंच फरशीवर फडकं सोडलं, मुलीपुढे भाकरी ठेवली. "खाय पोरी. तू काही गुन्हा केला न्हाई. साहेब लिहीपर्यंत आपण जेवू." येणारे-जाणारे थांबून विचारू लागले, बाई, कशाला बसलात? ती प्रत्येकाला म्हणायची, "साहेबाला इचारा." चौथ्या माणसानंतर जमादारानं पेन उघडलं.

गुन्हा नोंदला, तपासणी झाली, माणूस आत गेला. तो वजनदार घरातला होता, त्यामुळे दोन महिन्यांत आयाची बदली झाली. तोवर मुलीच्या बापानं तिची शाळा बंद करून स्थळं बघायला घेतली होती. जायच्या आधी आया त्याच्याशीही भांडून आली.

बदलीच्या दिवशी स्टँडवर मुलगी आली, शाळेच्या गणवेशात. हॉटेलातल्या बाकांवरच्या माना वळल्या. तिनं त्या सगळ्यांदेखत आयाची पेटी गाडीत चढवली.

"लोकं पाहून राह्यले, मावशी."

"पाहू दे. तुला उशीर होऊन राह्यला, जाय."

गाडी गेली. मुलगी त्या बाकांच्या पुढूनच, मान वर करून, शाळेकडे चालत गेली.