भागाबाईची परात

यावल तालुक्यात गप्पी मासे सोडायचं काम माझ्याकडे येऊन अकरा वर्षं झाली. गप्पी डासांच्या अळ्या खातात, म्हणून पाणी साचलेलं दिसलं की सोडायचे, एवढंच मला ठाऊक. त्यामुळे सातपुड्याच्या पायथ्याशी एका वस्तीवर भागाबाई आडवी आली, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

साठीची बाई. अक्षरओळख नाही, पण नाल्यातला बोटाएवढा मासासुद्धा नावानिशी सांगते.

"भाऊ, ह्या मासा आमना डोहमा नको सोडू."

"अक्का, सरकारी काम आहे. तुमचं भलंच होईल."

ऐकतेय कसली! तिनं पदर पाण्यात धरून चार मासे उचलले आणि पाणी भरलेल्या परातीत सोडले. मला सगळे सारखेच दिसले. "थांब जरासा," ती म्हणाली. हळूहळू दोन तळाशी बसले, एक मधोमध फिरू लागला, एक अगदी वर येऊन थांबला. मासा कुठं थांबतो, यावरून ती त्याला ओळखते. वरच्याच्या डोक्यावर पांढरा चमकता ठिपका होता.

"हाऊ ठिपक्या. तुन्या अळ्या टाक."

डबक्यातून नमुन्यासाठी घेतलेल्या माझ्या बाटलीतल्या अळ्या ओतल्या. अहो, बघता बघता फस्त! मी तर उकिडवा बसून बघतच राहिलो.

"मग गप्पीनं काय बिघडतं?"

"ठिपक्याना पिल्लं बी त्या खाई टाकतीन."

पण मी हार मानेन तर ना! "पलीकडच्या गावच्या तलावात दोन वर्षांपूर्वी मीच गप्पी सोडलेत. तिथं एक जरी ठिपक्या सापडला, तर तुमच्या डोहात गप्पी सोडू द्याल?"

तिनं परात डोहात रिकामी केली. "तो माना माहेरना तलाव शे. चाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परात घेऊन तलावावर आली. दुपारपर्यंत काठाकाठानं पदर बुडवत फिरली. प्रत्येक वेळी मीही परातीवर वाकायचो. गप्पी, गप्पी, नुसते गप्पी. शेवटी पँट वर करून मी स्वतःच गुडघाभर पाण्यात उतरलो. एक तरी ठिपक्या सापडू दे रे देवा, असं झालं होतं. आता मला डोहात गप्पींची बादली ओतायची नव्हतीच. केलेलं निस्तरायचं होतं. पण एकही सापडला नाही. लाज वाटली.

भागाबाई काठावर बसली होती. डोळे भरलेले, पण आवाज चढला नाही.

"भाऊ, गप्पी सोडाना आधी ह्या तलावना मासा परातमा देखेल व्हतात का?"

"नाही, अक्का," मी म्हणालो. "एकदाही नाही."