लिफ्टवर वाकलेली तांबडी गाडी

तांबडी गाडी माझ्या गॅरेजच्या लिफ्टवर चढवली आणि तिचे दोन्ही दरवाजे अडकले. गाडी मधोमध वाकली की असं होतं.

गाडी तारकर्लीच्या दाजींची. दाजी बोटीवर इंजिनिअर होते. लग्नानंतर ही उघडी, दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार त्यांनी मुंबईहून चालवत आणली. त्यांच्या बायकोला, काकींना, आता काहीच आठवत नाही. डॉक्टरकडे न्यायचं, तर त्या फक्त ह्याच गाडीत बसतात. मुलाने घेऊन दिलेल्या हॅचबॅकला हातही लावत नाहीत.

"इंजिन आयक रे, कसा चलता ता," दाजी म्हणाले.

इंजिन खरंच सुरेख होतं. पण दरवाजाखालच्या पट्टीला मी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो गंजातून आरपार गेला.

उघड्या गाडीला छप्पर नाही. त्या पट्ट्या आणि फ्लोअर, सगळा भार त्यांच्यावर. हॅचबॅकमध्ये छपरासकट अख्खी बॉडी भार घेते, शिवाय पत्र्याला जस्ताचा थर. त्यांची हॅचबॅक सर्व्हिसिंगला आलेलीच होती. खालून कोरी करकरीत! आणि ती बारा महिने माडाखाली उघड्यावर.

"पावसात ही तांबडी खंय ठेवतास?"

"होडयेसारखी झाकून. प्लास्टिक, वयर झाप, जमिनीपर्यंत घट्ट."

झाप म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या. लाकडी होडी पावसाळ्यात अशीच जपतात. इथे वाळूतली खारी ओल आत कोंडली आणि वर्षानुवर्षं लोखंड खात बसली. मला दाजींचा राग आला, आणि वाईटही फार वाटलं.

"वेल्डिंग मार मरे."

"वेल्डिंग धरूक चांगला लोखंडच उरूक नाय, दाजीनू. रस्त्यार नेव नकात. मधीच मोडतली."

"मगे हिका डॉक्टरकडे कसा नेव?"

दाजींसोबत आलेल्या काकींसाठी मी हॅचबॅकचा दरवाजा उघडला. "काकीनू, बसा."

"ही आमची न्हय," काकी म्हणाल्या आणि तांबड्या गाडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

शेवटी गाडी टेम्पोवर चढवली. नियमात बसत नाही, पण दोघांना तिच्यातच बसवून घरी सोडलं. इंजिन बंद असलेल्या गाडीचं स्टिअरिंग दाजींनी वाटभर धरून ठेवलं होतं. काकी खूश होत्या.

त्यानंतर काकी एकदाच घराबाहेर पडल्या, अॅम्ब्युलन्समधून. कुठल्या गाडीत घातलंय, हे कळण्याच्या पलीकडे गेल्या होत्या. मागून दाजी हॅचबॅक चालवत होते.

हल्ली कुणी गाडीला कव्हर मागायला आलं, की मी सांगतो, उघडी ठेवा, वारा लागू दे. जपलेली गाडी आधी जाते.