दार उघडलं नव्हतं

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कुणी त्या महोत्सवाचा विषय काढला की मी चहाचं विचारायचो, नाहीतर उठून बाहेर जायचो. कधी सांगायला बसलोच, तर सुरुवात अशा ठिकाणाहून करायचो की शेवटी मीच बरा माणूस ठरायचो. म्हणून या वेळी जिथं मी सगळ्यात वाईट दिसतो तिथून सुरू करतो.

परभणीतल्या एका सभागृहामागची खोली. मोठा आरसा. आरशापुढं माझी थोरली बहीण, आक्का. अंगावर नवं हिरवं लुगडं. पूर्णेच्या बाजारात स्वतः जाऊन, चार दुकानं हिंडून तिनं ते घेतलं होतं. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक बाई तिच्याभोवती फिरून तिला बघत होती. शेळी घेताना बघतात तसं.

"मावशी, हे फार नवं दिसतंय हो. स्टेजवर खरं वाटायला पाहिजे."

बाईंनी पिशवीतून एक विटकं लुगडं काढलं आणि एक घोंगडी. घोंगडीला दुकानाची चिठ्ठी अजून टाचलेली होती. आक्कानं ती चिठ्ठी चिमटीत धरली.

"ह्ये खरं व्हय?"

बाई हसल्या. माझ्याकडं वळल्या. "काका, तुम्ही सांगा ना यांना."

आक्कानं आरशातून माझ्याकडं पाहिलं. जन्मभर शेळ्या राखल्या तिनं, घोंगडी पांघरली, पण चारचौघांत जाताना धुतलेलं नेसूनच गेली. हे मला ठाऊक होतं. माझ्या छातीवर समितीचा बिल्ला होता.

मी म्हणालो, "घाल आक्का. कार्यक्रम हाय."

तिनं घातलं.

मी कोण, ते सांगतो. आम्ही शेळ्या-मेंढ्या राखणारी माणसं. चुडाव्याकडची. आई लवकर गेली, मला आक्कानं वाढवलं. मी शिकलो, पूर्णेला रेल्वेत लागलो, तिथूनच निवृत्त झालो. पुढं पेपरात अधूनमधून चार ओळी छापून यायला लागल्या. परभणीत कथाकथनाचा महोत्सव सुरू झाला तेव्हा 'ग्रामीण भागातले एक' म्हणून मला समितीत घेतलं. मला ते फार मोठं वाटलं.

आक्का गोष्टी सांगायची. रानात, शेळ्यांमागं, मी पाच-सहा वर्षांचा असल्यापासून. आमच्यात गोष्ट एकट्यानं सांगत नाहीत. एक सांगणारा आणि एक हुंकार देणारा. सांगणारा एक वाक्य बोलून थांबतो. हुंकारवाला "हं" म्हणतो. मग पुढचं वाक्य. ते "हं" म्हणजे नुसतं ऐकतोय असं नाही. ती साक्ष असते. झालं, असंच झालं, असं त्याचं म्हणणं. तो गप्प बसला तर सांगणाऱ्याला पुढं जाता येत नाही. मागं जायचं, कुठं चुकलं ते शोधायचं, तिथून परत सांगत यायचं. मोठमोठे सांगणारे मी असे मागं गेलेले पाहिलेत. त्यात कमीपणा मानत नाहीत.

आक्काचा हुंकारवाला मी होतो.

तिची सगळ्यात मोठी गोष्ट आमच्या पणजीची. नदीला पूर आलेला. गाव पाण्यात. उंचावर फक्त गढी. गढीवाल्यांनी गाव आत घेतलं, आपली जनावरं आत घेतली. पणजी मेंढरं घेऊन, पाठीला लेकरू बांधून दारापाशी आली. दार वाजवलं. आतून आवाज आला, जागा नाही. तिला आतल्या बैलांची घुंगरं ऐकू येत होती.

मग आक्का म्हणायची, "दार उगडलं न्हाई."

आणि थांबायची. तिथं "हं" म्हणायला माझी जीभ उचलायची नाही. कारण मी हं म्हटलं की मेंढरं वाहून जायची. मी जितका वेळ गप्प, तितका वेळ ती दारापाशी उभी, जिवंत. आक्का घाई करायची नाही. शेळ्या चरत असायच्या. शेवटी मी हं म्हणायचो, आणि मेंढरं जायची. पणजी लेकरासकट कडुलिंबाच्या झाडावर चढायची. ते लेकरू आमचा आजा.

ही गोष्ट मी 'सरांना' नेऊन दिली. सर म्हणजे महोत्सवाचे मुख्य कथाकार. महाविद्यालयात शिकवणारे, आवाज गोड, सदरा कडक. मीच त्यांना चुडाव्याला घेऊन गेलो. उन्हाळ्यातल्या दुपारी आक्का सांगत बसायची, मी हुंकार द्यायचो, सर मोबाइलवर टिपून घ्यायचे. आक्काला वाटलं, परभणीला तीच सांगणार. मलाही तसंच वाटलं. लुगडं त्यासाठी होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी त्या आरशाच्या खोलीत सर आले. म्हणाले, "आजी, तुमची भाषा लोकांना कळायला अवघड जाते. गोष्ट मी सांगतो. मी थांबलो की तुम्ही 'हं' म्हणायचं. एवढंच."

परभणीत. आमची भाषा. परभणीच्या लोकांना अवघड.

आक्का म्हणाली, "बरं. नीट सांग मातर."

तिला हुंकाराची जागा कमी वाटली नव्हती. आमच्यात ती कमी नसतेच. सरांना ते ठाऊक नव्हतं. मला होतं.

सर खुर्चीवर. आक्का त्यांच्या पायाशी, पोत्यावर. मागं पुठ्ठ्याचं झाड. पहिल्या रांगेत मधोमध त्या दिवशीचे पाहुणे, महोत्सवाला पैसा पुरवणारे. आजोबा-पणजोबांपासून गढी असलेलं घराणं. गोष्टीतलीच गढी. माणूस बोलायला मवाळ, नमस्कार करताना वाकणारा. मी त्यांच्या मागच्या रांगेत.

सर छान सांगत होते. खोटं कशाला बोलू. पूर आला. हं. गाव बुडालं. हं. आक्काचा हुंकार माइकमधून घुमत होता. पणजी दारापाशी आली. हं. तिनं दार वाजवलं. हं.

मग सरांनी दोन्ही हात पसरले.

"आणि मंडळी, गढीचं दार... उघडलं."

आक्का गप्प.

पाहुण्यांनी मान डोलावली. सर आक्काकडं बघत थांबले. परत म्हणाले, "गढीचं दार उघडलं."

आक्का गप्प. ताठ बसलेली. तिची नजर सरांकडं नव्हती. माझ्याकडं होती.

सर माइकमध्ये हसले. "आजींना डुलकी लागली वाटतं."

सभागृह हसलं. मागून कुणीतरी म्हणालं, "चहा द्या मावशीला." परत हशा. माझ्या शेजारचा समितीतला गृहस्थ मला कोपरानं ढोसत होता. "अहो, तुमची बहीण ना? सांभाळा की. पाहुणे बसलेत."

मी "हं" म्हणालो.

हळू नाही. रानात या बांधावरून त्या बांधावर जावा तसा माझा हुंकार. लहानपणापासून घोटलेला. सगळं सभागृह वळून बघायला लागलं. टाळ्या पडल्या. सर म्हणाले, "वा. याला म्हणतात लोकपरंपरा." आणि गोष्ट पुढं गेली. दारातून मेंढरं आत गेली, पणजी आत गेली, गढीच्या मालकिणीनं लेकराला दूध पाजलं.

आक्का उठली. घोंगडी काढली, झटकली, घडी घातली. सरांच्या टेबलावर, पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवली. आणि चालत आत गेली. लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, बसवलेलं आहे.

परतीच्या पॅसेंजरमध्ये ती खिडकीशी बसली. हिरवं लुगडं परत नेसलेलं. पूर्णा जवळ आली तेव्हा म्हणाली,

"दार कुनी उगडलं रं?"

"आक्का, लोक हसायले हुते तुला."

"हसू दे की. मी तुला हाक मारली हुती का?"

"कार्यक्रम अडला हुता."

"अडूच दिला हुता मी." मी उतरायला पिशवी उचलली तेव्हा म्हणाली, "त्यायला गोष्ट ठाव नव्हती. तुला हुती."

मी पूर्णेला उतरलो. ती पुढं चुडाव्याला गेली.

त्यानंतर तिनं माझ्यासमोर गोष्ट सांगितली नाही. नातवंडांना सांगायची. मी अंगणात पाऊल टाकलं की वाक्य अर्धं सोडायची. "पाव्हना आलाय, चहा टाक," असं सुनेला म्हणायची. भांडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. पाहुण्याशी कोण भांडतं.

आणि मी काय केलं? पुढच्या वर्षी महोत्सवाच्या फलकावर ठळक अक्षरांत आलं, 'चला, हुंकार देऊ या.' माझ्या त्या एका हुंकारावरून. मला व्यासपीठावर बसवलं. शाल दिली, नारळ दिला. लोक मला हुंकारवाले काका म्हणायला लागले. मी दरवर्षी गेलो. दरवर्षी सरांनी दार उघडलं आणि मी हं म्हणालो. घरी त्या शाली बायको धान्याच्या कोठ्यांवर टाकायची. मी तिच्यावर चिडायचो, मानाची वस्तू आहे म्हणून. हे सगळं लिहिताना माझी मलाच शिसारी येते. एकदाचं चुकणं समजू शकतो. मी ते दरवर्षी, इस्त्रीचे कपडे घालून, वेळेच्या आधी जाऊन केलं.

गेल्या वर्षी सरांनी नवीन काढलं. म्हणाले, आज काका एकटे नाहीत, आज सगळे हुंकार देणार. आणि दार उघडलं तेव्हा अख्खं सभागृह एकदम म्हणालं, "हं."

तो आवाज माझ्या अंगावर आला. त्यात शाळेची पोरं होती, बाया होत्या, आमच्यासारखी रानातून आलेली माणसंही होती. उद्या हीच म्हणणार, दार उघडलं होतं, आम्ही स्वतः ऐकलं. गढीवाल्यांना काहीच करावं लागलं नाही. साक्ष आमच्याच तोंडून झाली, आणि पहिली माझ्या.

मी व्यासपीठावर उभा राहिलो. "न्हाई."

सर थांबले. "काय झालं काका?"

"दार उघडलं नव्हतं. माझी पणजी हुती ती."

"काका, गोष्ट संपू द्या, मग बोलू."

"संपल्यावर काय बोलायचं? हुंकार न्हाई मिळाला तर मागं जावं लागतं. जा मागं."

गढीवाले पाहुणे पहिल्या रांगेतून बोलले. तोच मवाळ आवाज. "बसा हो. गोष्टच तर आहे."

"तुमच्यासाठी गोष्ट हाय," मी म्हणालो. "आमची मेंढरं गेली."

माझ्यापुढचा माइक बंद झाला. दोन कार्यकर्ते येऊन हळूच दंडाला धरायला लागले. मी हात सोडवून घेतला, शाल खुर्चीवर टाकली आणि आपल्या पायांनी बाहेर आलो. मागं सरांचा आवाज आला, "तर मंडळी, दार उघडलं." आणि सभागृह म्हणालं, "हं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुडाव्याला गेलो. आक्का दावणीपाशी बसून शेळ्यांना सुबाभळीचा पाला टाकत होती. मी तिच्यापुढं जमिनीवर बसलो आणि सांगायला लागलो. गोष्टीसारखंच. "काल मी सभेत उभा राहिलो." थांबलो.

तिनं हुंकार दिला नाही.

मी मागं गेलो. परतीच्या त्या पॅसेंजरपासून सुरू केलं. थांबलो. नाही. आणखी मागं. "मी हं म्हनलो, तू गप्प बसल्यावर." थांबलो. शेळ्या पाला ओरबाडत होत्या. आक्का माझ्याकडं न बघता म्हणाली,

"आनखी मागं जा."

मला कळलं ती कुठं उभी आहे. आरशापुढं. तिथवर गेलो, आणि तिथं माझी जीभ वळली नाही. तोंडातून निघालं ते हे, "तवा ती बाई म्हनली, आन् कार्यक्रमच तसा हुता, मी एकटा काय..."

आक्कानं टोपली उचलली. उठली. "चहा घिऊन जा," म्हणाली.

पुढच्या खेपेला सांगू, असं म्हणत मी गेलो. पुढच्या खेपेलाही तेच. पौषात ती गेली. मातीला मी होतो. सगळे रडत होते आणि मला त्या वेळीही सुरुवात सापडत नव्हती.

आता महोत्सव परत येतोय. मला निमंत्रण नाही. मी जाणार. दार उघडलं म्हणतील तिथं उठून न्हाई म्हणणार. बाहेर काढतील. पुढच्या वर्षी परत जाणार. पाय चालतात तोवर त्या वाक्याला परभणीत सुखासुखी हुंकार मिळू द्यायचा नाही.

आणि तिला सांगायचं राहिलं ते हे.

आक्का, तू आरशातून माझ्याकडं बघितलंस, तवा मी म्हनायला पायजे हुतं, नगं घालू, चल घरी. मी म्हनलो, घाल. तितं चुकलं. दार मी तितंच उगडलं.

इथं सांगणाऱ्यानं थांबायचं असतं. मी थांबलोय.