ओसीआय कार्ड आणि कौसामावशीचा जबाब

आज घाटनांदूरच्या आमच्या किराणा दुकानात माझं ओसीआय कार्ड, म्हणजे व्हिसाशिवाय भारतात कायम राहायची परवानगी, हातात पडलं... गिऱ्हाईक ताटकळत होतं तरी मी आधी कार्डाचा फोटो काढला.

कॅनडाचं नागरिकत्व घेतलं आणि भारतीय पासपोर्ट जमा करावा लागला. तेव्हापासून स्वतःच्या घरी यायलाही व्हिसा. बाबा गेल्यावर दुकान आईच सांभाळते, पण तिचे गुडघे आता साथ देत नाहीत. मला इथेच राहायचं होतं. व्हिसा संपायच्या आत कार्ड आलं नसतं, तर तिला एकटीला सोडून परत जावं लागलं असतं.

अर्ज केला, फक्त पत्त्याची पोलीस चौकशी बाकी होती. पोलीस आले नेमके त्या दिवशी, जेव्हा मी आईला अंबाजोगाईला डॉक्टरकडे नेलं होतं.

परतलो तर शेजारची कौसामावशी शेळ्या बांधता बांधता खुशीत म्हणाली, “पोलीस आलता तुला इचारीत. म्या सांगितलं, ती कवाच गेली परदेशात, इतं न्हाई राहत. लावला वाटंला.”

आमच्या गल्लीत पोलीस कुणाचं घर विचारत आला की आधी माणूस लपवायचा, कारण नंतर विचारायचं. आणि मला तर पोलिसाला सापडायचंच होतं! रागवायचं तरी कुणावर...

सगळं समजल्यावर मावशी रात्रभर झोपली नाही म्हणे. सकाळी माझ्या आधी तयार होऊन दारात उभी.

ठाण्यात साहेब ऐकेनात. ‘अर्जदार पत्त्यावर राहत नाही’ असा रिपोर्ट निघायच्या बेतात होता. तेवढ्यात, जन्मात कधी ठाण्याची पायरी न चढलेली ही बाई पदर सावरून पुढे झाली.

“साहेब, म्याच खोटं बोलले. आमची लेक पोलिसाच्या हाती कावून द्यावी? ती इतंच राहती, रोज दुकान तीच उघडती. मला धरा, पन तिचं काम करा.”

साहेब हसायलाच लागले. त्याच दुपारी हवालदार घरी आले, मावशीचा नवा जबाब लिहून घेतला, चहा पिऊन गेले.

आज कार्ड आईच्या आधी मावशीच्या हातात दिलं. तिचे उपकार कसे फेडू, कळत नाही. तिनं माझा फोटो निरखून पाहिला आणि गंभीरपणे विचारलं, “मग आता पोलीस आला तर काय सांगू?”

मी म्हटलं, “घरीच हाय म्हणून सांग.”